हात सुनेचे, तोंड नातीचं

ती छोटी कुठंय?

अनोळखी माणसांनी मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे. भाकरी कुठल्या ज्वारीची, किती दिवस टिकते, चटणीत लसूण आहे का, हे प्रश्न नंतर येतात. कधी येतही नाहीत. पेजवर मेसेज येतो, 'छोटी दिसली नाही बऱ्याच दिवसांत.' जणू ती आमच्या दुकानातला माल आहे आणि आम्ही तो आणायचं बंद केलंय. मला मेसेजला उत्तर द्यायलाही वेळ लागतो, समोर बोलायला तर त्याहून जास्त. पण या प्रश्नाचं उत्तर मला एकदा नीट, सावकाश, मध्ये कुणी न बोलता द्यायचं आहे.

आमचं घर मुरुमला. पुढं सासऱ्यांचं धान्याचं दुकान, मागं घर, मध्ये एक दार. त्या दारापुढं घरच्या सुना जात नाहीत. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मी चहाचा ट्रे घेऊन त्या दारापर्यंत गेले आणि सासूबाईंनी मागून माझा पदर धरला, एवढंच. ट्रे त्यांनी दिराच्या हातात दिला. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, इकडं तीच रीत आहे. खरं तर त्या दाराचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मी धाराशिवला इंग्रजी शाळेत शिकले. उत्तर येत असूनही वर्गात कधी हात वर केला नाही. लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझे मराठी शब्द पळतात आणि त्यांच्या मागोमाग इंग्रजीही. दाराची आतली बाजू मला सोयीची होती.

धंदा त्या आतल्या बाजूलाच सुरू झाला. आत्यांचं माहेर कर्नाटकात, आळंदकडचं. त्यांच्या बोलण्यात अर्धं कानडी आणि हातात कडक भाकरी. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, पातळ थापायचं, तव्यावर भाजायचं आणि मग चुलीच्या कडेला भाकरी उभी करून सावकाश वाळवायची. ती पापडासारखी होते, महिनाभर राहते. पुण्याहून येणारे पाहुणे जाताना डबा भरून न्यायचे आणि पुढच्या वेळी रिकामा डबा घेऊन यायचे. हे लोक मागवून घेतील, असं मला वाटलं. पेज मी काढलं. फोटो मी काढले. कुरिअरमध्ये भाकरीचा चुरा होऊ नये म्हणून खोक्यात काय भरायचं, हेही मीच हात पोळून, म्हणजे तक्रारी ऐकून, शिकले. शेजारच्या दोघी थापायला यायला लागल्या.

व्हिडिओत फक्त माझे हात असायचे. थापणारे, चटणी कुटणारे, पाकीट बांधणारे हात, मनगटात हिरव्या बांगड्या. माझं तोंड नको, हे मामांनाही हवं होतं आणि मलाही. त्यामुळं ते कुणाला म्हणावंच लागलं नाही.

पाकिटावर काय छापायचं यावर मात्र बोलणं झालं होतं. माझा दीर पुण्याहून मार्केटिंगचा कोर्स करून आलेला. त्यांना मी भाऊजी म्हणते. नोकरी लागेपर्यंत दुकानात बसायचे आणि दुकानापेक्षा आमच्या पेजमध्ये त्यांचा जीव जास्त. त्यांनी महादेवाची पिंड आणि वर बेलाचं पान असं चित्र करून आणलं. छान होतं. मामांनी चष्मा लावून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "देव नको. पाकीट खाऊन माणूस कुठंबी टाकतंय. पायदळी येतंय." त्यावर कुणी वाद घातला नाही. मलाही ते पटलं. पाकिटावर नुसत्या भाकरीचं चित्र आलं.

त्या सुमारास मी एका ऑनलाइन वर्गात बसले होते. घरून धंदा करणाऱ्या आयांसाठी तो वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई फार गोड बोलायच्या. त्या म्हणाल्या, तुम्ही आई आहात हेच तुमचं भांडवल, लोक वस्तू विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात, आणि तुमची मुलं ही तुमची गोष्ट आहेत, त्यांना लपवू नका. पडद्यावरच्या चौकटीचौकटीतल्या बायका माना हलवत होत्या. मी कॅमेरा बंद करून बसले होते. माझ्या मनात आलं, मामा इतकी वर्षं तूर विकतात, नातीला मांडीवर घेऊन बसा म्हणजे तूर खपेल, असं त्यांना कुणी सांगितलं का? हा प्रश्न मी टाइप केला आणि पुसला. पोर हे बापाचं, आजोबाचं भांडवल होत नाही. ते आईच्याच धंद्यात कसं लागतं, हे मला त्या बाईंना विचारायचं होतं. अजूनही विचारायचं आहे.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. एका दुपारी मी मागच्या खोलीत पार्सलं बांधत होते. ती स्वयंपाकघरात आत्यांजवळ बसली होती. तिनं कडक भाकरीचा तुकडा घेतला, आत्यांच्या कानाशी नेला, कट्कन मोडला आणि म्हणाली, "आज्जी, ऐक. भाकर बोलती." आत्या हसल्या. तिनं अर्धा तुकडा स्वतःच्या कानाशी मोडला, डोळे मिटून ऐकला आणि खाल्ला. हे मी पाहिलं नाही. भाऊजी दारात फोन घेऊन उभे होते, त्यांनी पाहिलं. आणि माझ्या पेजवर टाकलं. पासवर्ड मीच त्यांना दिला होता, ऑर्डरी बघायला.

मला ते संध्याकाळी कळलं, तेही फोन तापला म्हणून. मेसेज थांबत नव्हते. रात्रीपर्यंत मुरुममध्ये असतील नसतील तेवढ्या माणसांहून जास्त माणसांनी माझ्या मुलीला भाकरी खाताना पाहिलं होतं. 'किती गोड', 'हिला उचलून न्यावंसं वाटतं', 'गाल बघा गाल'. उचलून न्यावंसं वाटतं, हे लिहिणारा माणूस कोण, कुठला, मला काही माहीत नव्हतं. आणि खाली त्यानंच विचारलं होतं, 'राहता कुठं?' त्याच्याही खाली भाऊजींनी, पेजच्या नावानं, म्हणजे माझ्या नावानं, लिहिलं होतं, 'मुरुम, ता. उमरगा. नक्की या.'

मी यांना म्हटलं, काढून टाका. माझे यजमान वाईट माणूस नाहीत. ते बँकेतून दमून आलेले असतात आणि घरात कुणी रागावू नये एवढीच त्यांची इच्छा असते. ते म्हणाले, "अगं, लेकरूच हाय. त्यात काय एवढं?" मी तो मेसेज दाखवला. ते वाचून म्हणाले, असले लोक असतातच. असले लोक असतातच, म्हणून तर मी सांगत होते. पण माझं हे वाक्य त्या रात्री माझ्या तोंडातून निघालं नाही, आणि सकाळी ऑर्डरी इतक्या होत्या की थापायला आणखी दोघी बोलवाव्या लागल्या.

त्यानंतर घरात सण असल्यासारखं होतं. भाऊजींनी दर दोन दिवसांनी नवा व्हिडिओ काढायला सुरुवात केली. भाकर मोडताना, चटणी खाऊन हा-हू करताना, झोपेतून उठल्या उठल्या. आत्या तो फोन हातात घेऊन आळंदच्या सगळ्या पाहुण्यांना लावायच्या, "नोडु, नोडु, आमची पोर." नोडु म्हणजे बघ. सगळ्या जगानं बघायचं. मी नको म्हटलं की भाऊजी हसून म्हणायचे, "वहिनी, तुमी लई भिता. लोकं पैसे देऊन असलं करून घेतेत."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमचं घर कळणार नाही. आमच्याकडं लेकरू जेवताना शेजारीण आली तर आत्या ताटावर पदर धरतात. खाणाऱ्या पोराकडं बाहेरचं कुणी बघत बसलं तर त्याला आधी एक घास काढून देतात, म्हणजे त्याची वासना पोराच्या अन्नात राहत नाही. शेजारची एखादी 'किती छान जेवते' म्हणाली की तिच्या पाठीमागं मीठमोहरी उतरवली जाते. मी दृष्ट मानत नाही. पण त्या काळात आमच्या घरात माझ्या मुलीच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती, म्हणून मी तिचा आधार घेतला. आत्यांना विचारलं, शेजारीण आली तर तुम्ही ताट झाकता, मग हे हजारो लोक तिला जेवताना बघतात ते?

आत्या खरंच विचारात पडल्या. संध्याकाळी त्यांनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या नेहमीपेक्षा जास्त घेतल्या, पोरीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लई मोठी लागलीय. एवढ्या लोकांची एका मुठीत कशी यायची गं?" मला वाटलं, जिंकले. सकाळी उठले तर पोरीच्या गालावर रुपयाएवढी काजळाची तीट होती. त्यावर भाऊजींचं म्हणणं, तीट कॅमेऱ्यात घाण दिसते. मग दिराचं आणि सासूचं बोलणं झालं, गाल नको, कपाळ नको, कानामागं लावली तर केसांनी पुसते. शेवटी तीट तळपायाला लावायचं ठरलं. आत्यांचं समाधान झालं, भाऊजींचं झालं, व्हिडिओ सुरू राहिले. जिच्या तळपायाला ती लागली तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या बाजूची एकुलती एक साक्षीदार ही दृष्टच होती, तीही अशी पायाखाली गेली.

पोरीला आवडतं की, असं सगळे म्हणायचे. आवडत होतंच. टाळ्या कुणाला आवडत नाहीत? पण एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्यापुढं वरणभात ठेवला आणि भाकरीचा तुकडा. तिनं तुकडा उचलला, कानाशी नेला आणि थांबली. माझ्या हातांकडं बघत राहिली. मी म्हटलं, खा की. ती म्हणाली, "मम्मी, फोन धर की." मी म्हटलं, फोन नाही, नुसतं खा. ती तुकडा हातात धरून तशीच बसली. भूक लागलेली होती, वाफ निघत होती, आणि माझी चार वर्षांची मुलगी कुणी बघत नाही म्हणून जेवायची थांबली होती.

यांना सांगितलं. यांनी तिला समजावलं की, बाळा, फोन नसला तरी खायचं. तेवढ्यानं हा विषय त्यांच्या लेखी संपला.

मग माझ्या चुलतबहिणीचं लग्न निघालं म्हणून मी मुलीला घेऊन धाराशिवला माहेरी गेले. तिथं आईजवळ बोलून पाहिलं. आई म्हणाली, सासरचे तुझ्या धंद्यात एवढा रस घेतात हे नशीब समज. लग्नात पोरीला प्रत्येक मांडीवरून दुसऱ्या मांडीवर नेलं गेलं आणि प्रत्येक मांडीवर तिला एकच वाक्य म्हणायला लावलं गेलं. लोक तिच्या कानाशी पापड मोडत होते. तिसऱ्या दिवशी ती कुणी जवळ आलं की विचारण्याआधीच म्हणून टाकायची, भाकर बोलती, म्हणजे सुटका होईल.

परत येताना उमरग्याच्या स्टँडवर मुरुमच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. एक माणूस बायकामुलांसह आला. त्यानं ओळखलं. "अरे, ही भाकरवाली! बोल की, बोल." त्यानं स्वतःच्या मुलाच्या हातातलं बिस्कीट घेतलं, माझ्या मुलीच्या कानाशी मोडलं आणि खिशातून फोन काढला. ती दमली होती, माझ्या दंडाला डोकं लावून बसली होती. फोन वर झाला तसं तिचं डोकं वर झालं आणि चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मला माहीत आहे, आणि ते तिचं नव्हतं. बटण दाबल्यावर दिवा लागतो तसं ते लागलं होतं.

मी म्हटलं, "नका काढू."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो माणूस उद्धट नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं. म्हणाला, "अवो ताई, सगळ्या जगानं बघितलंय. आमीच बघितलं तर काय झालं?"

तो खोटं बोलत नव्हता. मी पिशवी उचलली, पोरीचा हात धरला आणि दुसऱ्या टोकाच्या बाकाकडं गेले. मागून त्याची बायको म्हणाली, "लईच शानी. व्हिडिओ टाकताना न्हाय व्हय लाज वाटली."

दुसऱ्या बाकाजवळ पोर खाली वाकली. बाकाखालून तिनं काहीतरी ओढलं. पाकीट होतं, फाटलेलं, तेलकट, वर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटलेली. आमचं पाकीट. पण भाकरीचं चित्र नव्हतं. तिथं माझ्या मुलीचं तोंड होतं, भाकरीचा तुकडा कानाशी धरलेला, डोळे मिटलेले, खाली मोठ्या अक्षरात 'भाकर बोलती'. मी माहेरी होते तेवढ्यात स्टिकर छापून, लावून, उमरग्याच्या दुकानांत पाकिटं पोचलीसुद्धा होती. मला एका शब्दानं कुणी सांगितलं नव्हतं.

"मम्मी, ही मीच की," ती म्हणाली. तिनं फ्रॉकनं त्यावरची माती पुसली. "मला इथं कुणी टाकलं?"

मी ते पाकीट रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. मुरुमपर्यंत गाडीत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वेळी ते इंग्रजीत जुळत होतं. इंग्रजीत सगळं फार व्यवस्थित होतं, हक्क, परवानगी, वय. आमच्या घरात त्यातलं काही चालणार नव्हतं. गाव आलं तेव्हा मला मामांचं ते वाक्य आठवलं.

मामा दुकान बंद करून जेवायला बसले होते. हेही होते, भाऊजी होते, आत्या वाढत होत्या. सून सासऱ्याशी पाच-सहा शब्दांहून जास्त बोलत नाही आमच्याकडं, तेही पदराआडून. मी पाकीट रुमालातून काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मामा, हे उमरग्याच्या स्टँडवर पडलं होतं. हिनंच उचललं."

मामांनी पाकिटाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं, बहुतेक मी बोलले याकडंच.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाकीट हाय ते. लोकं टाकणारच. नाव पोचतंय की त्यातनं."

मी त्यांच्याकडं वळले नाही. मामांनाच म्हटलं, "देवाचा फोटो नको म्हणालात, पायदळी येतो म्हणून. हिचा येत नाही का?"

यांनी भात कालवायचा थांबवला. त्या पाकिटावर बुटाची नक्षी बरोबर तिच्या कपाळावर होती. ती दिव्याच्या उजेडात सगळ्यांना दिसत होती.

"जेवताना कसलं गं हे," आत्या म्हणाल्या, पण हळू.

भाऊजी वैतागले होते. म्हणाले, "मग काय लावायचं? नुसत्या भाकरीला कोण विचारतंय? माणूस माणसाकडं बघून घेतंय वहिनी. तोंड लागतंच."

"माझं लावा."

आत्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. मग त्याच आधी बोलल्या. "येडी झालीस काय? घरच्या बाईचं तोंड बाजारात? परका माणूस बघंल, काय बी बोलंल."

"हिच्याबद्दल बोलतात ते?"

"ती लेकरू हाय."

"म्हणूनच, आत्या."

मी यांच्याकडं पाहिलं. हे ताटात बघत होते. त्या क्षणाचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे. मामांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला, तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतला, आणि उठता उठता म्हणाले, "कुणाचंच नको. भाकरीचंच राहू द्या." मग पाकीट उचललं, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. चुलीत टाकलं नाही, कचऱ्यात टाकलं नाही.

मला जे हवं होतं ते झालं होतं. तरी त्या रात्री माझा राग जात नव्हता. मामांनी कशामुळं मान्य केलं हे मला नीट समजलं होतं. नातीचं तोंड बुटाखाली आलं तेव्हा ते गप्प राहिले. सुनेचं तोंड पाकिटावर यायची वेळ आली तेव्हा ते बोलले. घरची अब्रू माझ्या तोंडात होती, पोरीच्या तोंडात नव्हती. तिचं तोंड अजून कुणाच्या अब्रूचं झालेलं नाही, म्हणून ते फुकट होतं. अजून काही वर्षांनी तीच पोर फोटोत दिसली की हीच माणसं म्हणतील, झाका.

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड बदलला आणि तिचे सगळे व्हिडिओ काढून टाकले. म्हणजे माझ्या पेजवरचे. तोवर ते कुठं कुठं गेले होते. कुणी त्याला गाणं लावलं होतं, कुणी तिच्या तोंडी राजकारणातले विनोद घातले होते, कुणा दुसऱ्याच गावच्या पापडवाल्यानं ते आपल्या पापडासाठी वापरले होते. त्या प्रत्येकाला मी मेसेज केला. एकानं उत्तर दिलं, 'ताई, फ्रीमध्ये पब्लिसिटी मिळतेय, थँक्यू म्हणा.' बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

मग मी माझा व्हिडिओ काढला. यांना आधी सांगितलं, विचारलं नाही. चुलीजवळ बसून, भाकरी थापताना, तोंडासकट. चार वाक्यं बोलायची होती, त्यातली दोन विसरले. भाऊजींनी तो पाहिला. रुसलेले होते, तरी राहवलं नाही. म्हणाले, "वहिनी, कॅमेऱ्याकडं बघायचं असतंय. तुमी भिंतीला विकताय की." खाली लोकांनी लिहिलं होतं, 'काकू नको, छोटीला आणा.' मी अजून तिशीत पोचलेले नाही. ऑर्डरी कमी झाल्या, थापायला पुन्हा दोघीच उरल्या, आणि त्याचा बोल मला लागला. आत्या बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एकदा, तिसरा की चौथा व्हिडिओ पाहून, म्हणाल्या, "पदर तरी नीट घ्यायचा. खांदा दिसतोय." ही परवानगी होती की टोमणा, मी विचारलं नाही. मी पदर नीट घेतला आणि पुढचा व्हिडिओ काढला.

हिवाळ्यात धाराशिवला बायकांच्या घरगुती मालाचं प्रदर्शन होतं. मी टेबल घेतलं. एकटी सून चारचौघांत उभी राहणार म्हणून आत्या राखण करायला सोबत आल्या. लुगडं नेसून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, टेबलामागं खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडं संशयानं बघत होत्या. मी भाकरीचे तुकडे चटणी लावून पुढं करत होते. शब्द अडखळत का होईना, येत होते.

आणि तो प्रश्न आला. ती छोटी कुठंय? आणली नाही? मी म्हटलं, शाळेत आहे. पुन्हा कुणी विचारलं. शाळेत आहे. एक बाई तर भाकरी न बघताच म्हणाली, तिच्यासाठीच आले होते, सेल्फी काढायचा होता, तुम्ही तिला लपवून का ठेवलंय? मी उत्तर शोधत होते. लपवलं नाही, ती जिथं असायला हवी तिथं आहे, असं काहीतरी.

मागून आत्या म्हणाल्या, "साळंत हाय. तुमचं कुठंय?"

बाई गोंधळली. "माझं? माझा मुलगा घरी आहे."

"मग त्याचा काढा जाऊन फोटू. आमाला दाखवा. आमी बघताव बसून." आणि माझ्या पुढ्यातला चटणीचा डबा सरळ करत, तिच्याकडं न बघता, "साकु." साकु म्हणजे पुरे. घरी मी कपात चहा ओतते तेव्हा त्या हेच म्हणतात.

बाई निघून गेली. भाकरी न घेताच गेली. आत्यांनी त्यावरून मला दोन शब्द सुनावले, मी गिऱ्हाइकाशी नीट बोलत नाही म्हणून.

मी हे सगळं जिंकल्याच्या आनंदात लिहीत नाही. आता तिचं तोंड कुणाच्या पाकिटावर नाही, आणि ते तिथं नसावं यासाठी मला माझं तोंड द्यावं लागलं. दुसरा रस्ता कुणी ठेवला नव्हता. ती आता पाच वर्षांची आहे. तिला 'भाकर बोलती' म्हणायला सांगितलं तर ती म्हणत नाही, कुठंतरी निघून जाते. जेवायला बसली की तुकडा उचलते, तोंडाशी नेते, आणि अजून, रोज, एकदा माझ्या हातांकडं बघते. माझे हात पिठाचे असतात किंवा रिकामे. ते नीट बघून झाल्यावर ती खाते.